उतरलं

बरोबर अर्धी तुटली नाही ती गोळी. मध्ये खाच असूनही एक तुकडा जरा मोठा, दुसऱ्याची कड कुरतडल्यासारखी, आणि दोहोंच्या मध्ये बशीत सांडलेली पांढरी पूड, चिमूटभरसुद्धा नाही... मास्तरांनी बोटाचं टोक पुडीवर दाबलं, पूड बोटाला चिकटून आली, आणि मग त्यांना कळेना की हिचं आता काय करायचं. ही आजच्या तुकड्यातली की उद्याच्या? इतकीशी पूड नसली म्हणून काय बिघडणार आहे – काहीच नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते बोट तसंच धरून काही वेळ बसून राहिले.

पुढ्यात सात खणांचा प्लॅस्टिकचा डबा उघडा पडला होता. प्रत्येक झाकणावर वाराचं पहिलं अक्षर. भाचीनं काल येताना तो आणला होता आणि पिशवीतून काढून त्यांच्यापुढे ठेवत म्हणाली होती, "मामा, पहिला आठवडा तुम्हीच भरून द्या. तुमच्यासारखं नेटकं मला नाही जमायचं. पुढचं बघेन मी." पहिला आठवडा. म्हणजे दुसरा आठवडा ह्या टेबलावर भरला जाणार नव्हता. चार वाजता गाडी येणार होती आणि अक्का – मास्तरांची थोरली बहीण, त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, गेली चौदा वर्षं ह्या घराच्या मागच्या खोलीत शिलाई मशीनपाशी बसत आलेली – आपल्या लेकीबरोबर लेकीच्या घरी जाणार होती. थोडे दिवस, असं भाची म्हणाली होती. पण बॅगेत अक्काचे लोकरीचे कपडेही भरले होते, आणि थंडी अजून पाच महिने लांब होती.

मागच्या खोलीतून भाचीचा आवाज येत होता. ती आईचे केस विंचरत असावी. शब्दांच्या मधून मधून कंगव्याचा खरखर आवाज येत होता. "मान वर. अशी. आणि तिकडे गेल्यावर शहाण्यासारखं वागायचं हं आई, गोळ्या वेळेवर घ्यायच्या. एकदा केलंस ना स्वतःच्या हातानं सगळं? आता पुरे."

मायेनं म्हणत होती ती. त्या आवाजात राग नव्हता, राग केव्हाच विरून गेला होता. उरली होती ती लहान मुलाच्या जुन्या खोडीची हसत हसत काढावी तशी आठवण. आणि अक्का म्हणाली, "दोरा."

आता अक्काजवळ तीनच शब्द होते – हो, नको आणि दोरा. पाणी हवं असलं तरी दोरा, उशी सरकली तरी दोरा. सगळं आयुष्य शाळेचे गणवेश शिवण्यात गेलं म्हणून मेंदूनं बुडताना नेमका तोच शब्द हाताशी धरला की काय, कोण जाणे. डॉक्टर म्हणाले होते, पक्षाघातानंतर असं होतं. आतलं सगळं शाबूत असतं, बाहेर येणारा रस्ता तेवढा बंद असतो. आतलं सगळं शाबूत... मास्तरांना हे वाक्य त्या दिवशी दिलासा म्हणून ऐकवलं गेलं होतं. गेले पाच महिने ते वाक्य दिलासा म्हणून त्यांना एकदाही आठवलं नव्हतं.

स्वतःच्या हातानं. हे भाचीला कुणी सांगितलं? मी सांगितलं.

*

रविवारची सकाळ होती ती. दर रविवारी न्याहारीच्या आधी मास्तर अक्काचा रक्तदाब मोजत. ती दंड पुढे करी, ते पट्टा गुंडाळत, बटण दाबत, आणि यंत्र घुर्र घुर्र करत फुगू लागलं की अक्का म्हणे, "घ्या, तुमचं मांजर जागं झालं." दर रविवारी. धाकट्या भावाला ती एरवी अरे-तुरे करी. पण थट्टा करायची असली की अहो-जाहो. चार गोळ्या चालू होऊनही आकडा वर्षभर हट्टाला पेटल्यासारखा दीडशेच्या खाली येत नव्हता. त्या रविवारी आला – एकशे चोवीस. मास्तरांना इतका आनंद झाला, सगळ्यात कच्च्या पोराला पैकीच्या पैकी मिळावेत तसा, की त्यांनी पुन्हा एकदा बटण दाबलं. एकशे बावीस. "उतरलं बघ, अक्का," ते म्हणाले, आणि दंडावरचा पट्टा सोडायला लागले.

"झालं ना मग?" अक्का म्हणाली.

"झालं," मास्तर म्हणाले.

एवढंच बोलणं. त्यांनी पट्ट्याची गुंडाळी केली, यंत्र पिशवीत घातलं, आणि कसलीशी शिट्टी वाजवत चहा ठेवायला गेले.

झालं म्हणजे मोजणं झालं – मास्तरांना हेच म्हणायचं होतं. हात मोकळा झाला, जा आता. पण तिनं काय विचारलं होतं? ताप उतरतो. सूज उतरते. विंचवाचं विष उतरतं. जे जे चढतं ते एकदा उतरलं की माणूस बरा झाला, आणि बऱ्या माणसानं औषध घेत बसायचं नसतं... आपल्या बोलण्यात उतरलं म्हणजे गेलं, संपलं, सुटलो. आईनं कपाळाला हात लावून "उतरला गं बाई" म्हटलं की बाटली फळीवर जायची. दोघांच्याही लहानपणी शंभरदा गेली असेल. आणि चौतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसानं तिला म्हणावं, उतरलं! उतरलं नव्हतं ते. गोळ्यांनी धरून ठेवलं होतं. 'धरून ठेवलंय' – साधा शब्द आहे. तो मला त्या सकाळी का सुचला नाही?

पुढच्या रविवारी मोजलं असतं तर यंत्रानं चुगली केली असती. पण पुढच्या रविवारी मास्तर दुसऱ्या गावच्या शाळेत विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून गेले होते. तिथल्या एका मुलीला त्यांनी ज्वालामुखी कसा फुटतो हे तब्बल पाऊण तास समजावून सांगितलं होतं.

मंगळवारी, नवव्या दिवशी, मशीनचा आवाज मध्येच थांबला. बाहीची शिवण सरळ येत येत एकाएकी फाकली होती, कापडाबाहेर गेली होती, आणि अक्का उजव्या हाताकडे अशी बघत होती की जणू कुणी आपला हात तिच्या मांडीवर विसरून गेलंय.

त्याच संध्याकाळी रुग्णालयातून तिची कापडं न्यायला ते घरी आले, तेव्हा बटणांच्या डब्यात त्यांना गोळ्या सापडल्या. छत्तीस. नऊ दिवसांच्या, रोजच्या चार. वेष्टनातून काढलेल्या, रंगारंगाप्रमाणे वेगळ्या लावलेल्या, पांढऱ्या सदऱ्याच्या बटणांशेजारी पांढऱ्या, पिवळ्यांशेजारी पिवळ्या. टाकवल्या नसतील तिला. डॉक्टरांना त्यांनी लगेच सांगितलं, गोळ्या बंद केल्या होत्या हो तिनं. भाची धावत आली, जिन्यातच तिनं विचारलं, "पण का मामा? का बंद केल्या?" आणि मास्तर म्हणाले – किती सहज म्हणाले – "कुणास ठाऊक. तुला माहितीये ना, हट्टी आहे ती."

*

"आजोबा, ह्या सगळ्या एकाच आजाराच्या?"

भाचीची मुलगी खुर्चीवर गुडघे टेकून, कोपरं टेबलावर रोवून त्यांच्याकडे बघत होती. दहा वर्षांची. बोलायला लागल्यापासून हिच्या तोंडी पहिला शब्द 'का', म्हणून मास्तरांनी हिचं नाव काबाई ठेवलं होतं आणि ते घरात रूढ झालं होतं.

"एकाच."

"मग चार का? एकच मोठी का नाही देत?"

मास्तर क्षणभर थांबले. चांगला प्रश्न आला की ते नेहमीच थांबत. उत्तर येत असलं तरी थांबत, म्हणजे विचारणाऱ्याला कळावं की प्रश्न वजनदार आहे. अक्कानं हे कधी विचारलं नव्हतं. की विचारलं होतं? तिनं विचारलं होतं, आठवलं – पहिल्यांदा चौथी गोळी आली तेव्हा – आणि ते वर्तमानपत्राआडून म्हणाले होते, "डॉक्टरांनी दिल्यात ना, घे."

"हात आण," ते म्हणाले. काबाईच्या मनगटावर तिचीच दोन बोटं त्यांनी ठेवली. "लागतंय? काय आहे ते?"

"रक्त."

"रक्ताचा धक्का. दर ठोक्याला हृदय रक्त ढकलतं, आणि ते रक्त जाता जाता नळीच्या भिंतीला रेटतं. तो रेटा म्हणजे दाब. रेटा हवाच, नाहीतर डोक्यापर्यंत रक्त चढणार कसं? पण फार वर्षं फार रेटलं, की भिंती कडक होतात, कुठेतरी फाटतात, कुठेतरी तुंबतात."

"आजीचं तुंबलं."

"हो."

शाळेत ते फळ्यावर पंप काढत असत. पंप, नळ, टाकी. चौतीस वर्षं तेच चित्र. खडूही न उचलता एका झटक्यात काढता येई. आज त्यांना ते चित्र काढावंसं वाटेना. नळ मुका असतो. नळाला सवय लागत नाही, नळ घाबरत नाही, आपलं काही कमी केलं म्हणून तो दुसरीकडून भरून काढायला जात नाही. हे शरीर तसं नाही...

"ही बघ." त्यांनी सगळ्यात लहान गोळी तळहातावर घेतली. "ही पाण्याची गोळी. मूत्रपिंडात रोज रक्त गाळलं जातं. गाळताना मीठ बाहेर जातं, आणि मूत्रपिंड काटकसरी, ते म्हणतं, अरे थांब, ह्यातलं बरंचसं परत घेऊ. ही गोळी तिथल्या एका दारावर उभी राहते. मीठ परत घेऊ देत नाही. मीठ निघालं की त्याच्यामागं पाणी निघतं, नळ्यांमधली गर्दी कमी होते."

"म्हणून आजी सारखी शू-ला जायची?"

"म्हणून." म्हणूनच ती सकाळी कुठे यायची नाही. मास्तरांच्या निरोप समारंभालाही आली नव्हती. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि तिनं कारण सांगितलं नव्हतं.

"मग झालं की. पाणी गेलं, गर्दी गेली."

"नाही ना. शरीराला इतक्या वर्षांच्या जास्त दाबाची सवय झालेली. दाब कमी झाला की मूत्रपिंडाला वाटतं, संकट आलं! ते लगेच रक्तात एक चिठ्ठी सोडतं. नळ्यांनो, आवळा. मीठ धरून ठेवा."

"चहाडखोर आहे म्हणजे मूत्रपिंड."

"वर्गाच्या मॉनिटरसारखं. वाईट नाही, पण जरा जास्तच इमानदार." काबाई खुदकन हसली; मास्तरही हसले, आणि आपण हसलो हे त्यांच्या लक्षात आलं. "तर ही दुसरी गोळी त्या चिठ्ठीसाठी. आधी आजीला दुसऱ्या जातीची होती. ती गोळी चिठ्ठी पुरती लिहूच द्यायची नाही. पण रक्तातला जो कामगार ती चिठ्ठी पुरी करतो ना, त्याच्याकडे आणखी एक काम असतं, घशात खाजवणारं काहीतरी साफ करायचं. त्याला बसवून ठेवलं, की तेही काम राहतं."

"आणि खोकला येतो!"

"शाबास. सुका खोकला." चार महिने भिंतीपलीकडून तो खोकला येत होता आणि मास्तर म्हणत, कापडाची धूळ जाते तुझ्या घशात, तोंडाला फडकं बांध. ती बिचारी बांधायची. "मग ही दिली. ही चिठ्ठी लिहू देते. पण नळ्यांच्या भिंतीवर जी पेटी असते, जिच्यात चिठ्ठी पडायला हवी, तिचं तोंडच बंद करते. चिठ्ठी येते, पेटीत पडत नाही, नळी निवांत."

मागच्या खोलीतला कंगवा थांबला होता. भाची अक्काला धरून घेऊन आली, एक पाऊल, मग ओढत दुसरं, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत तिनं तिला बसवलं. उजवा हात उचलून उशीवर ठेवला. "बस हं इथे. मामा, मी बॅगेचं बघते. काबाई, आजोबांचं डोकं खाऊ नकोस."

"तेच मला खाताहेत," काबाई म्हणाली.

अक्काच्या तोंडाची डावी बाजू हसली.

*

तिसऱ्या गोळीविषयी सांगताना मास्तरांचं लक्ष दोन ठिकाणी वाटलं गेलं. ते बोलत काबाईशी होते. पण शब्द निवडत होते ते खिडकीजवळच्या खुर्चीसाठी. सावकाश, सोपे, एकापुढे एक. नळीच्या भिंतीत स्नायू असतात, ते म्हणाले, दंडात असतात तसेच, फक्त इवले. स्नायू आवळायचा तर त्याच्या आत कॅल्शियमचे कण शिरावे लागतात. ही पिवळी गोळी ते शिरण्याचे बारीक दरवाजे लोटून घेते. कण कमी शिरले की स्नायू सैल, नळी रुंद, रेटा कमी. काबाईनं मूठ आवळून, सोडून पाहिली. मग विचारलं, हिचा काय त्रास? कारण प्रत्येकीचा काहीतरी असणार, हे तिला एव्हाना कळलं होतं.

"पाय सुजतात. नळ्या मोकळ्या झाल्या की घोट्याशी पाणी झिरपतं."

अक्काचे पाय सुजायचे. मशीनचं पायटं मारताना जड व्हायचे. चपलेचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत सोडावा लागायचा... आणि त्या नऊ दिवसांत अक्काचे पाय उतरले होते. चप्पल ढिली झाली म्हणून तिनं दारातच पट्टा दोन भोकं आवळला होता. ती सकाळी फिरायला गेली होती. तिची बोटं पूर्वीसारखी गार पडत नव्हती. मशीनवर गुणगुणत होती, आणि मास्तर दारातून जाता जाता म्हणाले होते, "तब्येत मानवली हं तुला, अक्का." तिनं मान वर करून काय समाधानानं पाहिलं होतं! बरं झालेल्या माणसासारखं. मी ते पाहिलं. मला ते आवडलं. का बरी दिसतेय, हे मी विचारलं नाही – मी, ज्यानं वर्गात कुणा पोराचं उत्तर बरोबर आलं तरी आधी विचारलं, कसं आलं ते सांग.

"आणि ही अर्धी?"

"ही..." त्यांनी मोठा तुकडा उचलला, मग ठेवून लहान उचलला. "ही हृदयाची. आपण घाबरलो, घाई झाली, रागावलो, की शरीर एक हाक देतं. पळा, लवकर, जोरात. हृदयाला त्या हाका ऐकायला कान असतात. खरे कान नव्हेत, तसे समज. ही गोळी त्या कानांत कापूस घालते. हृदय निवांत चालतं. थोडं सावकाश, थोडं हळू."

"मग ही सगळ्यात चांगली."

"चांगली आहे. पण हिची एक खोड आहे." आता मास्तर तिच्याकडे बघत नव्हते. "समज, मी वर्गात रोज पुटपुटत शिकवलं. काय कराल तुम्ही?"

"कान देऊन ऐकू. पुढे सरकून बसू."

"हृदयही तेच करतं. कापूस आहे, हाका नीट येत नाहीत, तर त्याला नवे कान फुटतात. महिन्या-दोन महिन्यांत केवढे तरी जास्त कान. कापूस आहे तोवर काही नाही. पण कुणी एके दिवशी कापूस एकदम काढून टाकला तर?"

काबाईनं दोन्ही हात कानांवर नेले आणि एकदम काढले. तिचे डोळे मोठे झाले. "साधी हाकसुद्धा किंचाळल्यासारखी!"

"हं. हृदय सैरावैरा धावतं. बाकीच्या तिघी असल्या तर निदान थोडं सावरतात. त्याही नसल्या..." त्यांनी तुकडा खणात टाकला. "म्हणून ही कधी एकदम सोडायची नसते. सोडायची झाली तर डॉक्टर थोडी थोडी उतरवतात."

उतरवतात. पुन्हा तोच शब्द. जिभेवर किती तयार बसलेला असतो!

"आणि एकदम सगळ्या सोडल्या की दाब पुन्हा चढतो, पहिल्यापेक्षाही वर. कारण आकडा खाली आला म्हणजे आजार गेला असं नसतं, काबाई. ह्या चौघी जणी चार बाजूंनी धरून असतात, म्हणून तो खाली असतो. सोडलं की..."

"मग आजीला हे कुणी सांगितलं नव्हतं?"

बॅगेची चेन मागच्या खोलीत अर्ध्यावर अडली होती, भाची ती मागेपुढे करत होती. ह्या प्रश्नाचं एक उत्तर तयार होतं – डॉक्टरांनी सांगितलंच असेल गं – आणि ते खोटंही नव्हतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तळाशी छापलेलंही असेल. मास्तरांनी ते उत्तर मनात एकदा म्हणून पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की चार वाजता हे उत्तरसुद्धा गाडीत बसून जाईल. अक्काच्या शेजारी बसेल, लेकीच्या घरी राहील, तिला रोज गोळी देताना कुणीतरी मायेनं तिला ऐकवील, आणि ती म्हणेल, दोरा.

"मला सांगता आलं असतं," ते म्हणाले. "मी सांगितलं नाही. मी तिला सांगितलं, उतरलं."

काबाईला कळलं नाही. "म्हणजे?"

"म्हणजे ताप उतरतो तसं. तिला वाटलं असणार, गेला आजार. तिनं विचारलं, झालं ना मग? मी म्हटलं, झालं. मी पट्ट्याबद्दल म्हणत होतो." आवाज चढवला नव्हता त्यांनी, पण मागच्या खोलीतली चेन थांबली होती, आणि ते थांबले नाहीत. "आणि मग तुझ्या आईनं विचारलं, का सोडल्या, तर मी म्हटलं, हट्टी आहे ती. हट्टी नव्हती. माझं ऐकलं होतं तिनं."

काबाईनं विचार केला. मुलं करतात तसा, कपाळाला आठी घालून, कुणाची गय न करता. "मग तुमचं चुकलं," ती म्हणाली.

"हो."

"पण तिनं ते पट्ट्याचंच विचारलं असेल तर? आणि गोळ्या वेगळ्याच कारणानं सोडल्या असतील तर? पाय सुजतात म्हणून?"

हेच. पाच महिने हेच. त्यांनी स्वतःशी हा मुद्दा कितीदा मांडला होता, किती परींनी सोडवला होता. कधी सुटका व्हायची, कधी नाही, जशी झोप लागेल तशी. काबाईच्या तोंडून तो इतका साधा निघाला की त्यांना त्यात लपायला जागाच दिसेना.

भाची दारात उभी होती. हातात बॅगेच्या चेनचा तुटलेला हुक. ती मामांकडे बघत नव्हती. आईकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते राग होता की आणखी काही, हे मास्तरांना वाचता आलं नाही, आणि वाचण्याचा प्रयत्न करायचाही धीर झाला नाही. "मामा," ती म्हणाली.

मास्तर उठले. गुडघा वाजला. खिडकीजवळच्या खुर्चीपुढे एक बुटकं स्टूल होतं, अक्का त्यावर पाय ठेवायची, ते ओढून त्यावर बसले. आता तिचा चेहरा त्यांच्या चेहऱ्यापेक्षा उंच होता. किती वर्षांनी असा खालून पाहिला हा चेहरा? पाटीवर तिनं गिरवायला दिलेलं पहिलं अक्षर त्यांना आता आठवेना. तिच्या हनुवटीची ही खालची बाजू मात्र आठवली.

"अक्का," ते म्हणाले, "त्या रविवारी तू म्हणालीस ना, झालं ना मग. ते तू पट्ट्याचं विचारलंस? का... का सगळ्याचं?"

हो किंवा नको ह्यांत बसेल असा प्रश्न घालायला हवा होता. शिक्षकाला एवढं कळायला हवं. अक्काला पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येत, त्यांनीही बजावलं होतं, सोपे प्रश्न विचारा. पण त्यांनी आणखी एक सांगितलं होतं, तिचा शब्द तुम्ही पुरा करू नका; आणि ते मास्तरांना आजवर एकदाही साधलं नव्हतं. तिनं तोंड उघडलं की ते म्हणत, पाणी? पंखा? उशी? वर्गातल्या अडखळणाऱ्या पोराला ते तास तास थांबून वेळ देत. अक्काला त्यांनी चार श्वास कधी दिले नव्हते.

अक्काचा डावा हात उचलला गेला. तो त्यांच्या खांद्यावर येणार की त्यांना दूर लोटणार, कळेना. मध्येच, हवेत, थांबला. ओठ हलले. "दो..." ती म्हणाली. मग तिनं मान हलवली, जोरात, रागानं, स्वतःवर की शब्दावर की समोर बसलेल्या म्हाताऱ्या पोरावर – आणि तो शब्द तिनं सोडून दिला. तोंड मिटलं. तिच्या गळ्याची शीर दिसत होती, तिच्यात ठोका दिसत होता, सावकाश, एकसारखा. पुन्हा ओठ उघडले. आवाज नव्हता. काहीतरी येत होतं.

आजवर मास्तरांना एकच उत्तर हवं होतं. पट्ट्याचं. ते हवं असण्यात त्यांचे पाच महिने गेले होते. आता ते त्यांना मनात सापडेना. दुसरंही सापडेना. जीभ टाळूला लागली, एक शब्द पुढे करायला, कुठलाही. त्यांनी ती तिथेच धरली. भाची दारातून एक पाऊल आत आली. काबाई काही विचारणार होती, तिनंही विचारलं नाही.

तिच्या ओठांकडे बघत ते बसून राहिले. जे येईल ते तिचं असेल, आणि ते काय असेल ह्याचा त्यांना खरोखरच काही अंदाज नव्हता.